त तर्रीचा

"अननस कोणी पाहिला का रे?" मी ब्रश खाली ठेवून विचारलं. पारशिवनीकडच्या एका अंगणवाडीच्या भिंतीवर अक्षरं रंगवत होतो, अ अननसाचा. समोरच्या पोरांपैकी एकानंही पाहिला नव्हता.

मी शहरातल्या नंदनवन वस्तीतला पेंटर. दुकानाच्या पाट्या रंगवण्यात जन्म गेला. फ्लेक्स आले आणि पाट्या संपल्या, आता भिंती करतो. शाळा चौथीपर्यंत. वाचायला खरा शिकलो तो सिनेमाच्या पोस्टरवर, हिरोच्या नावावरून. बायको गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून बाहेरगावचं काम आलं की निघतो.

सेविका, म्हणजे अंगणवाडी चालवणारी बाई, सुनंदा. ती घाबरलेली. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर मॅडम येणार होत्या. मागच्या वेळी पोरं त्यांच्यासमोर मुकी बसली होती. असंच राहिलं तर ही अंगणवाडी पलीकडच्या गावाला जोडू, असं त्या म्हणाल्या होत्या. मध्ये नाला. एवढी लहान पोरं तिकडे कशाला जातात?

मी पोरांनाच विचारलं, काय काढू? कल्ला झाला. ट ट्रॅक्टरचा, ड डीजेचा, त तर्रीचा. पोह्यांवर ओततात तो लाल जाळ रस्सा म्हणजे तर्री. आधी खडूनं आउटलाइन काढतात, मग रंग भरतात. ट्रॅक्टर लाल की निळा यावरून खडूतच मारामारी झाली.

सुनंदा म्हणाली, "काका, सरकारी भितीवर डीजे? मले घरी बसवता काय?"

"पोरं बोलून राहिली ना वं? मंग चूप बस."

मॅडम आल्या. छापील मुळाक्षरांचा तक्ता धरला, एकेक अक्षर विचारलं. पोरं मुकी. सुनंदाचं तोंड उतरलं. मॅडम भिंतीकडे वळल्या आणि सहज म्हणाल्या, "हे टोमॅटोचं सूप का?"

परी नावाची चिमुरडी ताडकन उठली. "सूप नोहे वं मॅडम, तर्री होय. वाच ना, त लिवला हाय."

मॅडमनी तक्ता पुढे केला. परीनं तलवारीच्या चित्राखालच्या 'त'वर बोट ठेवलं. "हा बी तर्रीचाच."

मग ट्रॅक्टरवाले उठले. मॅडमना बोलायला जागा मिळेना. हसून हसून चष्मा पुसत होत्या.

अंगणवाडी जागच्या जागी राहिली. डीजे मात्र पुसायला लावला, तिथं मी डबा काढला.

लहान पोरांना प्रश्न विचारू नये. त्यांच्यासमोर चुकीचं बोलावं. मग ती वाचून दाखवतात.