सातवीच्या बाईंनी बोलणं सोडलं तेव्हा

सातवीच्या विज्ञानाच्या बाईंचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत जायचा. त्या आवाजाच्या जोरावर त्यांनी एकोणीस वर्षं काढली होती. बाई टिपणं सांगायच्या, मुलं माना खाली घालून उतरवून घ्यायची. प्रयोगही बाईच करायच्या आणि मागच्या बाकांवरची मुलं टाचा उंचावून पुढच्यांच्या डोक्यांवरून बघायची. निकाल बरा लागे. कुणाची तक्रार नव्हती.

एका सोमवारी तिसऱ्या तासाला ‘बाष्पीभवन’ म्हणताना आवाज ‘बाष्पी’पाशीच अडकला. ‘भवन’ काही बाहेर आलं नाही.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. “सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही. नाहीतर ऑपरेशन करावं लागेल, आणि मग हाच आवाज परत येईल याची हमी मी देणार नाही.”

मुख्याध्यापक म्हणाले, “रजा घ्या. मी कुणीतरी बघतो, तो टिपणं देईल.”

बाईंनी खिशातल्या डायरीत लिहिलं आणि पुढे केलं. ‘नुसती टिपणंच द्यायची तर माणूस कशाला? मी वर्गात येईन. फक्त बोलणार नाही.’

मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं. “उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिलेत मी. मुक्यानं हाकणारं कुणी पाहिलं नव्हतं. बरं, दोन आठवडे देतो. मग बघू.”

घरी सासूबाईंना आधीच कमी ऐकू यायचं. त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, “इतकी वर्षं ही बोलायची आणि मला ऐकू यायचं नाही. आता ही बोलतच नाही. म्हणजे झाली फिटंफाट.” बाई आवाज न करता इतक्या हसल्या की खांदे हलायला लागले.

पण काळजी होतीच. त्यांनी नवऱ्याला लिहून दाखवलं, ‘चंचुपात्र कुठे आहे तेही मुलं मलाच विचारतात. कसं होणार?’

नवरा यंत्रांच्या सुट्या भागांच्या गोदामाचा स्टोअरकीपर होता. तो म्हणाला, “मग त्यात मुलांचा काय दोष? तुझ्या कपाटाचा आहे.” आणि रविवारी तो त्यांना गोदामात घेऊन गेला. तिथल्या भिंतीवर प्रत्येक पान्याच्या, प्रत्येक हातोडीच्या मागे तिची बाह्यरेषा पांढऱ्या रंगानं काढलेली होती. “वस्तू जागेवर नसली की भिंतच बोंब मारते. मला ओरडावं लागत नाही.”

त्याच दुपारी दोघांनी प्रयोगशाळेची कपाटं रिकामी केली. फळ्यांवर बाह्यरेषा काढल्या, चिठ्ठ्या डकवल्या. सहा-सहा मुलांची सात टेबलं केली, प्रत्येक टेबलाला आपापला ट्रे. वहीची पानं मुलांनीच क्रमांक घालून अनुक्रमणिका करायची. डाव्या पानावर ‘काय होईल असं वाटतं’, उजव्या पानावर ‘काय झालं’. शेवटची चार पानं ‘अजून कळलं नाही’ यासाठी राखून ठेवायची. चुकलं तर खोडायचं नाही, एक रेघ मारायची. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलं : अडलात? आधी वही. मग पुस्तक. मग शेजारचं टेबल. मग बाई.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या नाकी नऊ आले. मुलं रांग लावून बाईंपुढे उभी राहायची. बाई भिंतीकडे बोट दाखवायच्या, मुलं भिंतीकडे बघायची आणि पुन्हा बाईंकडे बघायची. दोन चंचुपात्रं फुटली. एका पालकांची चिठ्ठी आली : ‘बाई काहीच सांगत नाहीत, वही कोरी आहे.’ त्या संध्याकाळी बाईंनी डायरीत लिहिलं, ‘मला हे जमणार नाही.’

नवऱ्यानं वाचलं. “भिंत रंगवल्यावरही पहिला महिनाभर लोक मलाच विचारत होते. मी दारात खुर्ची टाकून बसलेला दिसायचो ना. मग मी खुर्ची हलवली.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपली खुर्ची फळ्यापासून उचलली आणि मागच्या खिडकीपाशी नेऊन ठेवली. रांग लावायला जागाच उरली नाही. मुलं थोडा वेळ चुळबुळली. मग एकीनं वही उघडली.

दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी मुख्याध्यापक तपासायला आले. पाणी किती अंशांना उकळतं, हा प्रयोग चालला होता. तिसऱ्या टेबलावर एक मुलगी होती. तिला सगळे ‘खोडरबर’ म्हणत, कारण उत्तर चुकलं अशी नुसती शंका आली तरी ती कागदाला भोक पडेपर्यंत खोडायची. तिच्या वहीत लिहिलं होतं : ९२.

“ब्याण्णव?” मुख्याध्यापक वाकून म्हणाले. “पाणी शंभरला उकळतं. खोड ते.”

मुलीचा हात कंपासपेटीकडे गेला. मागे बाई अर्धवट उठल्या, तोंड उघडलं आणि मिटलं. गप्प बसणं इतकं जड त्यांना कधीच गेलं नव्हतं.

मुलीनं हात मागे घेतला. “खोडायचं नाही असं ठरलंय, सर. आणि आम्ही तीनदा पाहिलं.” मग भिंतीवरच्या ओळींकडे बघून ती शेजारच्या टेबलाकडे वळली. “तुमचं किती आलं?”

“अठ्ठ्याण्णव.”

“तुमचा थर्मामीटर दे जरा.”

त्यांनी थर्मामीटर बदलून पाहिले. तिच्या पाण्यात शेजाऱ्यांचा अठ्ठ्याण्णव दाखवत होता, आणि शेजाऱ्यांच्या पाण्यात तिचा ब्याण्णवच.

“म्हणजे पाणी बरोबर आहे, हाच कमी दाखवतोय,” ती म्हणाली. “सर, शिक्षकखोलीतल्या फ्रीजमधला बर्फ घेऊ का?”

मुख्याध्यापकांनी मान डोलावली. बर्फ आला. समोरचा मुलगा वही चाळत म्हणाला, “थांब, आधी थंड होऊ दे. पान सातवर आहे, गरम काच बर्फात घातली की तडकते.” ते थांबले. वितळत्या बर्फात पारा शून्याच्या खाली सहा घरं उतरला.

“सगळीकडे सहानं कमी,” खोडरबर म्हणाली आणि थर्मामीटरला चिठ्ठी चिकटवली : सहा मिळवा.

“ते ठीक,” मुख्याध्यापक म्हणाले. “पण मग अठ्ठ्याण्णव का? शंभर हवं ना?”

सातही टेबलांवरच्या मुलांनी वह्या आणि पुस्तकं चाळली.

“ते अजून कळलं नाही, सर,” असं म्हणून तिनं शेवटचं पान उघडलं आणि तारीख घालून प्रश्न लिहून ठेवला.

सोमवारपर्यंत चार मुलांनी चार ठिकाणांहून उत्तर शोधून आणलं होतं. आपलं गाव उंचावर आहे, इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. बाईंनी मागे बसून ते ऐकलं. एकोणीस वर्षं त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांपुढे पारा अठ्ठ्याण्णववर थांबत आला होता, आणि एकोणीस वर्षं त्यांनी फळ्यावर शंभर लिहिलं होतं. क्षणभर लाज वाटली. मग छातीत आनंद असा दाटून आला की त्यांना खिडकीकडे तोंड फिरवावं लागलं.

मुख्याध्यापकांनी सहा आठवडे पुरे करू दिले. आवाज परत आला, थोडा जाडसर होऊन. बाई तो जपून वापरायला लागल्या. खुर्ची मात्र मागेच राहिली.

वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेला दुसऱ्या शाळेचे परीक्षक आले. त्यांनी तीन पांढऱ्या भुकट्या ठेवल्या आणि कोणती कुठली ते चव न घेता ओळखायला सांगितलं. पुस्तकात असलं काही नव्हतं. बेचाळीस मुलांपैकी एकानंही मान वर करून बाईंकडे पाहिलं नाही. कुणी पाण्यात विरघळवलं, कुणी तापवून पाहिलं, कुणी लिंबाचा थेंब टाकला. एकोणचाळीस जणांना वरची श्रेणी मिळाली. इतक्या मुलांना ती त्या शाळेत आजवर कधीच मिळाली नव्हती. परीक्षकांनी गुण लिहून झाल्यावर विचारलं, “यांतल्या दोन वह्या नेऊ का? आमच्या शिक्षकांना दाखवायच्या आहेत.”

“मुलांना विचारा,” बाई म्हणाल्या. “वह्या त्यांच्या आहेत.”

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी बैठक लांबली आणि बाईंना वर्गावर जायला वीस मिनिटं उशीर झाला. गोंधळ असेल, या धास्तीनं त्या झपाझप जिना चढल्या. आत आठवीत गेलेली तिघं उभी होती. एक नव्या मुलांना पानांवर क्रमांक घालायला शिकवत होता. दुसरी ट्रे वाटत होती. तिसरी भिंतीवरचा फिकट झालेला कागद काढून त्याच चार ओळी नव्यानं लिहीत होती.

बाई दारातच थांबल्या. हजेरीपट काखेत धरून त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.