मेमरीत शिरायचा पास

माझा स्वभाव संशयी आहे, आणि त्यावरून घरचे मला येता-जाता टोमणे मारतात. दूधवाल्याचं माप मी बघते, रिक्षावाल्याचा रस्ता बघते, आणि कॉम्प्युटरात नवं कार्ड बसवलं की त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून डोळे वटारून बघते. जळगावात मेहरूणच्या बाजूला आमचा छोटा कारखाना आहे. डाळ निवडायची यंत्रं बनवतो. डाळ वरून घसरत येते, कॅमेरा दाणान् दाणा टिपतो, डागी दाणा दिसला की हवेचा फटका त्याला बाजूच्या पेटीत उडवतो. दाणा खाली पडायच्या आत निर्णय व्हायला हवा. म्हणून कॅमेऱ्याचं कार्ड चित्र थेट कॉम्प्युटरच्या मेमरीत लिहितं, मधे दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहिते.

ते ‘थेट’ मला कधीच पटलेलं नाही. मेमरीत चित्रांच्या शेजारी बाकीचंही सगळं असतं. कोणता दाणा ठेवायचा, कोणता उडवायचा, ते आकडेही तिथेच असतात. कार्डानं भलतीकडे लिहिलं तर? त्यासाठी कॉम्प्युटरातच मधे एक पहारेकरी असतो. तो कार्डाला एका चित्रापुरता एका जागेचा पास देतो, आणि चित्र आलं की काढून घेतो. यात वेळ जातो. माझ्या मनासारखा पहारा ठेवला की यंत्र रेंगाळायचं. मग माझ्या भागीदारानं तोडगा काढला: पास लगेच परत घ्यायचे नाहीत, साठले की एकदम गोळा करायचे. म्हणजे ती जागा दुसऱ्या कामाला दिली, तरी जुना पास थोडा वेळ कार्डाच्या खिशात राहणार.

“तेवढ्यात ते काय दरोडा घालणार आहे?” भागीदार म्हणाला.

मी भांड भांड भांडले. पण यंत्र सुसाट पळालं, गिऱ्हाइकं खूश झाली, आणि मला गप्प बसावं लागलं.

उन्हाळ्यात धुळ्याच्या एका डाळ मिलमधून मालकांचा फोन आला. त्यांना सगळे नाना म्हणतात. दुपारी यंत्राचा आकडा आपोआप बदलतो आणि चांगली डाळ डागी मालाच्या पेटीत पडते, असं त्यांचं म्हणणं. आणि लगेच, “आपोआप कशाचा? मी जेवायला घरी जातो तेव्हाच बदलतो. माणूस बदलतो, ताई.”

माणूस म्हणजे यंत्र चालवणारा ऑपरेटर. सोनगीरचे, चाळिशी ओलांडलेले, मितभाषी गृहस्थ. पेटीतला माल गुरांच्या चाऱ्यासाठी जातो, आणि तो उचलणाऱ्यांत त्यांचा मेहुणा आहे. नानांनी दोन आणि दोन चार केले होते. डाळ पाखडणाऱ्या बायांच्या देखत, नाव घेऊन, त्यांना चोर म्हटलं होतं. मी येऊन शिक्कामोर्तब केलं की त्यांना घरी पाठवायचं, एवढंच माझं काम होतं.

एस.टी.नं पारोळ्यावरून जाताना खरं सांगायचं तर मलाही वाटलं, असेल बुवा. मेहुणा, दुपार, मालक जेवायला घरी. सगळं जरा जास्तच जुळत होतं. पण जास्त जुळलं की मला त्याचाही संशय येतो.

मिलमध्ये पोचले तेव्हा ऑपरेटरभाऊ यंत्रापाशी उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “ताई, मी हात नही लावा. तुम्हले जे तपासनं व्हई ते तपासा.”

यंत्राचा कॉम्प्युटर नानांच्या केबिनमध्ये होता, एसीच्या गारव्यात. आम्हीच तो तिथे बसवायला सांगितलं होतं. मी सकाळभर कॉम्प्युटरसमोर बसले. आकडा ढिम्म हलला नाही. जेवणाची वेळ झाली. नाना उठले, टोपी घातली आणि जाता जाता भिंतीवरचं एसीचं बटण खट्‌कन बंद केलं. मी तिथेच बसलेली होते, तरीही. हाताला वळणच होतं ते. आपण नसताना गारवा कुणासाठी? जेवण, मग जरा डुलकी, मग ऊन उतरल्यावर परत, हा त्यांचा उन्हाळ्यातला रिवाज.

थोड्याच वेळात केबिनची भट्टी झाली. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला तर चटका बसला, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तापलेलं कार्ड सुस्तावणार. सुस्तावलेलं कार्ड चित्राची शेवटची ओळ उशिरा लिहिणार. तोवर ती जागा आकड्याला दिलेली, पण कार्डाच्या खिशात जुना पास आहेच!

मी नानांना झोपेतून बोलावून घेतलं. ते वैतागूनच आले. मी त्यांना आणि ऑपरेटरभाऊंना आवारातल्या कडुलिंबाखाली एका बाकावर शेजारी बसवलं आणि केबिनला बाहेरून कुलूप घातलं. काचेतून स्क्रीन दिसत होता. आत कॉम्प्युटर एकटाच चालू होता. मला भीती वाटत होती. आकडा हलला नाही तर या माणसाचं उरलंसुरलं नाव मीच धुऊन टाकणार होते.

आकडा हलला. भदाभदा चांगली डाळ डागी मालाच्या पेटीत पडायला लागली. नाना काचेला नाक लावून बघत राहिले.

मग मी कुलूप काढलं आणि पास लगेच परत घ्यायची माझी जुनी पद्धत चालू केली. त्याच उकाड्यात कार्डानं पुन्हा भलतीकडे लिहायचा प्रयत्न केला, आणि पहारेकऱ्यानं ते अडवल्याची लाल ओळ स्क्रीनवर आली. आकडा जागचा हलला नाही. यंत्र मात्र रखडलं, ते नानांच्या लगेच ध्यानात आलं.

“असं हळू चालून कसं भागेल?” ते म्हणाले. मी त्यांच्यावर ओरडणारच होते, पण त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. जळगावला परतल्यावर ड्रायव्हर नव्यानं लिहिला: कार्डाला मोजक्या जागा कायमच्या देऊन टाकल्या, तिथे फक्त चित्रं. दर वेळी पास देणं नको, घेणं नको. बाकी मेमरीत पाऊल टाकायची सोय नाही. वेग राहिला, पहाराही राहिला. हे आधीच का सुचलं नाही म्हणून भागीदार आणि मी पुन्हा भांडलो.

पण त्या दुपारी नाना मला हळूच म्हणाले, “चला, मशीनचा बिघाड निघाला. मिटलं.”

“नही मिटनं, नाना,” ऑपरेटरभाऊ म्हणाले. “बठ्ठासमोर मन्हं नाव लिन्हं व्हतं. आते बी नाव लिसन सांगा.”

चोर म्हणताना सगळ्यांसमोर नाव घेतलं होतं, तर आताही नाव घेऊनच सांगायला हवं होतं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. शेवटी ते पाखडणाऱ्या बायांपुढे जाऊन उभे राहिले, नाव घेतलं आणि म्हणाले, “यांचा दोष नव्हता. मी चुकीचं बोललो.” सुपांचा आवाज थांबला होता. बोलायला जड गेलं त्यांना, पण बोलले.

मला फार बरं वाटलं. वाटलं, सुटला माणूस.

नवा ड्रायव्हर बसवायला पुन्हा धुळ्याला गेले. तो बसवल्यावर यंत्र झकास पळायला लागलं. हरभऱ्याची डाळ लावायची होती, म्हणून मी ऑपरेटरभाऊंना आकडा बदलायला सांगितलं. ते कीबोर्डपाशी गेले, आणि हात मागे घेऊन दाराशी आले.

“अक्का,” त्यांनी एका पाखडणाऱ्या बाईला हाक मारली, “जराशी आठे उभी ऱ्हा. मी आकडा बदलस, तू देख.”

ती सूप ठेवून आली. तिला हे सवयीचं झालेलं दिसलं. ती शेजारी उभी राहिली, मग त्यांनी बटण दाबलं.