ओंजळ्यांचे हात

दौलत मास्तरांना एवढं विलक्षण सुचतं तरी कुठून, असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. सुचतं कुठून म्हणजे काय? तामसीच्या शाळेत आम्ही दोघं सोबत मराठी शिकवायचो, म्हणून मला ठाऊक आहे. लहानपणी ते आईसोबत, मनकर्णाबाईंसोबत, मजुरीला जात. तहान लागली की ओंजळ धरून खाली बसायचं आणि मालकाच्या घरचं कोणीतरी हात उंच करून वरून पाणी ओतायचं. विटाळ नको ना व्हायला!

मोठेपणी मास्तरांनी अद्भुत कादंबरी लिहिली, तिच्यात दोन जमाती. ओंजळे जन्मतःच जुळलेले तळवे घेऊन येतात. लांबहात्यांचा उजवा हात पिढीगणिक वाढत जातो, कारण त्यांना उंचावरूनच ओतायचं असतं. शेवटी ओंजळे स्वतःची विहीर खणायला घेतात. जुळलेल्या हातांनी पहार धरवत नाही, तरी धरतात. कातडी फाटते, रक्त येतं आणि हात मोकळे होतात.

आदिलाबादचे वकील शामराव ही कादंबरी आपल्या मासिकात क्रमशः छापत होते, पुढे पुस्तकही काढणार होते. चौऱ्याऐंशी साली शेवटचं प्रकरण आलं. मास्तर कौतुकानं आईला वाचून दाखवू लागले आणि मध्येच अडखळले. छापलं होतं ते असं: लांबहात्यांच्या राजाला दया येते, तो ओंजळ्यांना स्पर्श करतो आणि त्यांचे हात आपोआप सुटतात.

मनकर्णाबाई चिडल्या. "काऊन रे, असं लिवलं तू? आपल्या वस्तीतल्या हिरीले कोनता राजा आला होता? तुया बापानं खंदली. म्या माती वाह्यली."

"माय, म्या नाई लिवलं हे," मास्तर म्हणाले. पण खाली नाव त्यांचंच होतं.

दुसऱ्या दिवशी बसनं आम्ही दोघांनी आदिलाबाद गाठलं. शामराव खुशीत होते. "मास्तर, वाचकांना समेट आवडतो. तुमचा शेवट फार कडू होता हो. आणि जमाती तर कल्पनेतल्याच आहेत, एवढं काय मनाला लावून घेता?"

"पुढच्या अंकात माझा शेवट छापा."

"मग पुस्तकाचं विसरा."

काय पण उदार माणूस! खणलं एकानं, माती वाहिली एकीनं आणि श्रेय आयत्या राजाला. दया दाखवायची एवढी हौस होती, तर स्वतःच्या नावानं लिहायचं होतं! मी हे तोंडावर बोललो, तर शामराव मला म्हणाले, "तुम्ही मध्ये पडू नका." मास्तरांनी टेबलावरचं हस्तलिखित उचललं, पिशवीत घातलं आणि निघाले.

कादंबरी पुस्तकरूपानं आजवर निघाली नाही. हट्टीपणा नडला, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मास्तर आईजवळ बसले. "माय, पुस्तक नाई निघत आता."

"नाई तं नाई," त्या म्हणाल्या. "तुया बापाच्या हिरीचं जे लिवलं, थे वाच. मी आयकतो."