रोसेंडाने न काढलेली केबल

अपमान विसरून जाणाऱ्यांतली रोसेंडा काबाहुग नव्हे. फिलिपिन्सच्या बोहोल बेटावरच्या आमच्या गावातल्या नगरपालिकेत ती संगणकांचं जाळं सांभाळते आणि मी शेजारच्या खिडकीत घरपट्टी घेते. गेल्या वर्षी एंजिनियर तुमुलाकने, म्हणजे तिच्या साहेबाने, घरपट्टीच्या यंत्राची नोंद स्वतःच्या हाताने डीएनएसमधून, म्हणजे यंत्रांच्या पत्त्यांच्या यादीतून, पुसली आणि सोमवारी झेंडा चढवल्यावर सगळ्या कचेरीसमोर माफी मागायला लावली ती रोसेंडाला. माइकवर! तेव्हापासून लोक तिला खोडरबर म्हणायला लागले. ती हसून घ्यायची. मला ते हसू बघवत नसे. मी तिच्या जागी असते तर साहेबाच्या कॉफीत मीठ तरी टाकलं असतं.

मग तो शुक्रवार आला. घरपट्टीच्या सवलतीचा शेवटचा दिवस, बेटाबेटांवरून माणसं बोटीने आलेली आणि सकाळीच माझा संगणक म्हणाला, यंत्र सापडत नाही.

यंत्राला आपण नावाने हाक मारतो, त्याचा पत्ता सांगतो तो डीएनएस सर्व्हर. आमच्याकडे असे तीन आहेत, आणि एकाला कळलेलं ते दुसऱ्याला कळवत राहतात. रोसेंडाने एकावर पत्ता दुरुस्त केला. रांग जरा हलली. थोड्या वेळाने जुना पत्ता परत हजर! पुन्हा दुरुस्त केला, पुन्हा तेच.

"खोडरबरने परत काहीतरी पुसलं वाटतं," तुमुलाक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

तिन्ही सर्व्हरना रोसेंडाने एकेक करून तोच प्रश्न विचारला, आणि ही जुनी माहिती त्यांना कोण पुरवतंय ते शोधत शोधत वायरीमागून अडगळीच्या खोलीपर्यंत गेली. परत आली ती शांतपणे बुडबुड, म्हणजे केळीच्या पानात बांधलेला चिकट भात, सोलून खायला बसली.

"सापडलं?" मी विचारलं.

"सापडलं. वर्षापूर्वी बंद केलेला सर्व्हर साहेबांनी काल परत जोडलाय. आपण काय काय काढून टाकलं ते त्याला कुठे ठाऊक? तो बाकीच्यांना जुनंच वाटत सुटलाय."

"मग उपट ना ती केबल!"

"उपटते की. संध्याकाळी, झेंडा उतरवताना."

मला आनंदाने टाळी वाजवावीशी वाटली. दिवसभर मी रांगेला "थांबा हं, थांबा" म्हणत राहिले आणि तुमुलाकला घाम पुसताना बघत राहिले. दुपारी मेयर खाली उतरले. तुमुलाकने बोट दाखवलं ते रोसेंडाकडेच. ती म्हणाली, "मेयर, झेंड्याच्या वेळी सगळ्यांसमोर दाखवते."

संध्याकाळी अंगणात सगळे उभे होते, घरपट्टी न भरता आलेली माणसंसुद्धा. झेंडा उतरला आणि रोसेंडा तो धुळकट सर्व्हर कडेवर घेऊन आली. तुमुलाकच्या पायाशी ठेवून तिने माइक त्याच्या हातात दिला.

"सर, हा कोणी जोडला?"

तो चाचरला. मेयर बघत होते. "मी," तो म्हणाला. "माझी चूक झाली."

"आणि गेल्या वर्षी?"

"तीही माझीच. माफ कर, रोसेंडा."

मी तर नाचायचीच बाकी होते! तुमुलाकची मान छातीला टेकली होती. माइक तसाच तोंडाशी धरून त्याने हळूच विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

"सकाळीच," रोसेंडा म्हणाली.

अंगणातल्या कर्ण्यावर तो शब्द सगळ्यांनी ऐकला.

रांगेतला एक म्हातारा कोळी पुढे आला. त्याच्या बेटाची शेवटची बोट केव्हाच सुटली होती. तुमुलाककडे त्याने पाहिलंही नाही.

"इंदाय," लेकीला हाक मारावी तसं तो रोसेंडाला म्हणाला, "त्याने तुझं वाईट केलं, ते कळलं. मी काय केलं होतं गं?"

रोसेंडाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.