स्कोअरसाठी आणलेलं मशीन

मशीन घरात येऊन तासही झाला नव्हता, तरी सुनंदा त्याचं झाकण पदराने पुसत होती. बायकोचा तो हळुवार हात माझ्याच्याने बघवत नव्हता.

वीस वर्षं तिने कपडे हाताने धुतले. मशीन हप्त्यावर घेऊ म्हणाली, की मी ताठ मानेने सांगायचो, "आपल्या घरात उधारी चालत नाही."

पण घर काही रोखीने होणार नव्हतं, म्हणून गेल्या आठवड्यात गृहकर्ज मागायला गेलो. बँकेतला साहेब म्हणाला, "काका, तुमचा क्रेडिट स्कोअरच नाही. कधी कर्ज घेतलंच नाही, तर विश्वास कसा ठेवायचा? एखादी वस्तू हप्त्यावर घ्या, वेळेवर फेडा, मग या."

काय ही अक्कल! ज्याने कुणाचा पैसा बुडवला नाही, तो यांच्या लेखी संशयित. पत हवी असेल, तर आधी नको असलेलं कर्ज काढून दाखवायचं. असला विश्वास विकणाऱ्यांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि त्याच संध्याकाळी दुकानात जाऊन वॉशिंग मशीन निवडलं.

सुनंदाला मी सगळं खरं सांगितलं. ती हसली. "म्हणजे अहो, माझं नाही, बँकेचं ऐकलंत. चला, कुणाचं तरी ऐकलंत!"

तिच्या हसण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं. बँकेला नावं ठेवायला मला आता तोंड उरलेलं नाही. तिच्या भेगाळलेल्या हातांसाठी जी सही वीस वर्षांत माझ्याने झाली नाही, ती एका आकड्यासाठी मी दुकानदाराचं पेन मागून घेऊन केली.