मास्तरांची इटलीची तालीम

तालमीशिवाय कशातच राम नाही, असं मास्तरांचं ठाम मत. इथे न्यूझीलंडमध्ये, अप्पर हट गावात ते फार्मासिस्ट होते, पण मराठी मंडळाची गणपतीतली नाटकं बसवायचे म्हणून सगळ्यांचे मास्तर. कुणाच्या आजारपणात भेटायला निघालो, तरी गाडीत आमच्याकडून "काळजी घ्या हं" घोटून घ्यायचे. "दात काय काढतेस?" माझ्यावर ओरडायचे. "माणूस आजारी आहे तिकडे!" मी नर्स. मला हे शिकवायचे!

इटलीच्या समुद्रकाठच्या गावांतून पायी हिंडायचं खूळ त्यांचंच. कड्याला चिकटलेली रंगीत घरं, खाली निळं पाणी, आणि डोंगरातल्या पायवाटेने या गावातून त्या गावात जायचं. ते, मी, माझा नवरा हेमंत आणि मैत्रीण शमा. तिकिटं काढली आणि मास्तरांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी बजावलं, बायपास होईपर्यंत विमान नाही, चढ नाही. आम्ही म्हटलं, जाऊ दे, सगळंच कॅन्सल करू. तर हा गृहस्थ भडकला. "एक नट पडला म्हणून प्रयोग रद्द? तुम्ही जायचं. पण माझ्या हाताखालून तयार होऊन."

मग दर रविवारी घरामागच्या टेकडीवर तालीम. आमच्याकडे ऐन जुलैची थंडी, पण इटलीत उन्हाळा असणार म्हणून आम्ही प्रत्येकी तीन स्वेटर आणि वर जाकीट घालून घाम काढायचा. मास्तर पायथ्याशी घडीच्या खुर्चीत, गळ्यात शिट्टी. हेमंतला त्यांनी इटालियन घरमालकीण केलं होतं आणि डोक्याला शमाची ओढणी बांधायला लावली होती. कुत्रा फिरवणारा एक शेजारी थबकला आणि इथल्या रिवाजाप्रमाणे माओरीत रामराम घातला. "किया ओरा, यू गाइज ऑल राइट?" मास्तरांनी त्याला तिथल्या तिथे तिकीट तपासनिसाचं काम दिलं. "स्वीट ॲज!" म्हणजे इथलं 'झकास', म्हणाला, आणि पुढच्या रविवारी स्वतःची टोपी घेऊन हजर!

दमून बसणं, पाय मुरगळणं, वाट चुकणं, सगळं बसवून झालं. शेवटी नवरा-बायकोचं भांडण. "इथेच करून घ्या, तिकडे वेळ जाईल," मास्तर म्हणाले. आम्ही इतकं मनापासून भांडलो की घरी दोन दिवस अबोला. मास्तरांचं म्हणणं एवढंच, "छान. पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नाही."

आणि प्रत्यक्षात काय? इटलीत पोचलो तर दरड कोसळून पायवाट बंद! साखळी लावलेली, पलीकडे जायची सोय नाही. लोक सांगत होते, ट्रेनने जा. गेलो. बोगदा, बोगदा, आलं गाव. एवढ्यासाठी आम्ही स्वेटरात उकडून निघालो होतो.

संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. तिकडे सकाळ. "झाला का प्रयोग?" त्या आवाजातला उत्साह ऐकून आमच्या तिघांचीही जीभ रेटेना. शमाच म्हणाली, "झाला ना!" मग काय, मास्तर फोनच्या स्पीकरवर आणि आम्ही हॉटेलच्या खोलीत उभे. हेमंत धापा टाकत चढला, मी पाय मुरगळून कोसळले, आणि भांडण तर असं रंगलं की खरी घरमालकीण धावत वर आली. तिने मला पाणी दिलं आणि हेमंतला इटालियनमध्ये यथेच्छ झापलं. मास्तर तिकडे टाळ्या वाजवत होते. रोज संध्याकाळी एक गाव असं आम्ही खोलीतच चाललो.

परत आलो तेव्हा मास्तर माझ्याच वॉर्डात भरती झाले होते. सकाळी ऑपरेशन. मला पाहून म्हणाले, "वाट बंद होती ना? पहिल्याच दिवशी बातमी वाचली मी."

"मग बोलला का नाहीत?"

"नाटक बघायला बसलेला माणूस मध्येच उठून 'खोटं आहे' म्हणतो का?" हसले. मग माझा हात घट्ट धरला. बोटं गार पडली होती. "भीती वाटते गं. याची तालीमच नाही झाली."

असा रडवेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. म्हटलं, "चला, उठा. मी बसवते." व्हीलचेअरमध्ये घालून त्यांना लिफ्टने खाली ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत नेऊन आणलं. पलंगावर झोपवलं. तोंडावर माझाच तळहात मास्क म्हणून धरला आणि आकडे उलटे मोजायला लावले. मास्तरांनी इतकी हुबेहूब मान टाकली की शेजारची फिलिपिनो नर्स धावत आली. "मास्तर, डोळे उघडा. झालं ऑपरेशन." ते पापण्या फडफडवत उठले, चहा मागितला आणि मलाच विचारलं, "कसं झालं?"

"एकदम फर्स्ट क्लास!" मी म्हटलं.

"मग पुन्हा एकदा घेऊ," म्हणाले. आम्ही पुन्हा घेतलं. दुसऱ्यांदा तर त्याहून सुरेख उठले.

सकाळी नाही उठले.

सर्जन सगळं समजावून सांगत होते. मला ते कळत होतं, माझं कामच ते. पण डोक्यात एकच संताप. इतकी सुंदर तालीम झाल्यावर ऐन प्रयोगाला असं वागतात का कोणी? मास्तर, हे काही तुम्हाला शोभलं नाही.