तळ्यात उतरलेली अदी

भांडायला आलेल्या माणसालाही अदी आधी पापड द्यायची. तिच्या मुलखाची रीतच होती ती. दारात कोणीही आलं की विस्तवावर भाजलेला पापड आणि पाण्याचा तांब्या पुढे करायचा, बोलणं मागाहून. आता तोंडात पापड असताना रागावणं किती कठीण असतं, हे ज्यानं करून पाहिलं त्यालाच कळेल. कुरुमकुरुम करत माणूस ओरडून ओरडून किती ओरडणार?

अदी म्हणजे सिंधीत बहीण. ती लहानथोर सगळ्याच बायकांना अदी म्हणे, म्हणून आम्ही तिलाच अदी म्हणू लागलो. फाळणीनंतर शिकारपूरचं घर सोडून ती नवऱ्यासोबत कराचीहून बोटीनं मुंबईला आली आणि तिथून रेल्वेनं बडनेऱ्याला उतरली. तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांतात होता. काही महिने दोघांनी अमरावतीला निर्वासितांच्या छावणीत काढले. मग माझ्या सासूबाईंनी वलगावच्या आमच्या मळ्यातला गुरांचा रिकामा कोठा त्यांना राहायला दिला. तिचा नवरा पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन गावोगाव हिंडायचा. तो बोलायचा फार कमी, कारण त्याच्या वाटचंही अदीच बोलायची.

मी तेव्हा नवीन सून. माहेर नांदगाव खंडेश्वरचं, म्हणजे काही सातासमुद्रापलीकडे नव्हे, तरी मी आईच्या आठवणीनं मिरच्या तोडता तोडता मुळूमुळू रडायची. एकदा मी अदीला तिच्या प्रवासाचं विचारलं. वाटलं, आता दोघी मिळून रडू. तर ती म्हणाली, "बोट में सब उलटी करते थे. मैं अकेली खाती थी, सबके हिस्से का." आणि अशी हसली की मलाही हसावंच लागलं.

मळ्याच्या टोकाला आमचं कमळाचं तळं होतं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ती फुलं अमरावतीच्या बाजारात जायची, आणि सासूबाईंचा त्या तळ्यावर पोटच्या लेकरासारखा जीव. दिवाळीला पंधरा दिवस उरले असताना एका सकाळी त्या तिकडे गेल्या, तर अदी मांडीभर चिखलात उभी. अर्ध्या तळ्याची कमळं मुळासकट वर आलेली, आणि काठावर लांबलचक पांढऱ्या मुळ्यांचा ढीग.

"हे काय करून राहिली वं तू? लक्षुमीची फुलं उपटून टाकली?"

"फूल?" अदी खरोखरच गोंधळली. "फूल का क्या करते हैं आप लोग? हम तो भी खाते हैं." भी म्हणजे त्या मुळ्या. तिच्या गावी कमळ ही भाजी होती. बटाट्यासोबत शिजवायची आणि बोटं चाटत खायची. तळं कोणाच्याच कामाचं नाही, असं तिला वाटलं होतं.

सासूबाई तरातरा कोठ्याकडे निघाल्या त्या जागा खाली करा म्हणून सांगायलाच. अदी चिखलाचे पाय तसेच घेऊन मागून धावली आणि आधी चूल पेटवली. पहिल्या पापडाला सासूबाईंचं म्हणणं होतं, आजच निघा. दुसऱ्या पापडानंतर त्या म्हणाल्या, "पुढच्या साली फुलं कमी आली, तं कोठा खाली करजो."

ते वर्ष अदीनं हसत काढलं, पण तिची आतली काळजी मला दिसत होती. सकाळी उठली की आधी तळ्यावर जायची. मला म्हणाली, "उधर तो हर साल निकालते थे. जगह मिले तो नई जड दौडती है. पर ये मिट्टी काली है, अदी. क्या पता, माने न माने." सासूबाईंपुढे बोलायची माझी छाती नव्हती. मी गुपचूप माहेरच्या महादेवाला नारळ बोलले.

श्रावणात तिनं उपटलेल्या बाजूला चारदोनच पानं दिसली. भादव्यात मात्र पानांची दाटी झाली. आणि आश्विनात त्या बाजूला जी फुलं आली, ती पलीकडच्या जुन्या गचपणातल्या फुलांपेक्षा डोळ्यांत भरण्याइतकी मोठी. सासूबाई काठाकाठानं सगळं तळं फिरून आल्या. मग अदीकडे वळून म्हणाल्या, "पलीकडची बाजू काहून सोडली वं?"

माफी मागणं आमच्या सासूबाईंना येत नव्हतं. हेच त्यांचं माफी मागणं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा भीची भाजी खाल्ली आणि निकाल दिला, "चिखलातली आहे, पन बरी आहे." पुढे आमच्या मळ्यातून फुलं बाजारात आणि मुळ्या छावणीत जाऊ लागल्या. तिथल्या बायका टोपलीभोवती अशा जमायच्या, जणू कोणी माहेराहून आलं आहे.

दोनेक वर्षांनी अदीच्या नवऱ्याला अकोल्यात कापडाच्या दुकानासाठी जागा मिळाली. निघायच्या दिवशी सामान बैलगाडीत चढलं, नवरा त्यावर बसला, आणि अदी गायब. ती गावात घरोघरी 'जाते' म्हणून सांगत फिरत होती. प्रत्येक घरी बसली, प्रत्येक घरी रडली, दोन घरी जेवली. व्हायचं तेच झालं, बडनेऱ्याची रेल्वे चुकली. नवरा पहिल्यांदाच इतकं बोलला की आम्ही सगळे ऐकत राहिलो.

मी तिला आत नेलं. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "उधर से निकले, तब सामनेवाली को भी नहीं बोला. बीस साल का पडोस था. बोलती तो निकल न पाती. इधर से बोलके जाऊँगी."

मला माझं माहेर आठवलं, तिथं तर बैलगाडी जुंपून जाता येत होतं. मी तिच्यासमोर इतकी वर्षं रडत होते, याची मला तेव्हा लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः तिला बडनेऱ्याला पोचवायला आल्या. गाडी हलायच्या आधी अदीनं खिडकीतून त्यांचा हात धरला. "अदी, अकोला में कोई पूछेगा, किधर की हो, तो वलगाव बोलूँ? चलेगा?"

"मंग?" सासूबाई म्हणाल्या. "आनखी कुठची सांगशीन?"

आणि इतक्या कडक बाईनं, भर फलाटावर, डोळ्यांना पदर लावला.